मुरणे, विटणे आणि ताजेपणा : हॉपच्या बिअरसंबंधी एक शब्दविचार

१

गेल्या दिवाळीत अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने दूरध्वनीवरून मला एक प्रश्न विचारला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे, काहीसे विलंबाने दिलेले, उत्तर होय. त्या देशात घरगुती वापरापुरती बिअर करण्यास संघीय कायद्याने १९७८ साली संमती मिळाली आणि तेव्हापासून हा छंद तेथे चांगलाच रुजला आहे. मावसभावाने मे महिन्यात हॉपची फुले सढळ हाताने घालून वीस लिटर बिअर केली. पहिल्या काही बाटल्यांची मित्रमंडळींनी वाखाणणी केली. उरलेल्या त्याने फडताळात जपून ठेवल्या. "आईच्या लोणच्यासारखी मुरू द्यावी, असे मनात होते," तो म्हणाला. दिवाळीला बाटली उघडली, तेव्हा संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा तो पहिला वास नाहीसा झालेला, रंग गडद झालेला, कडवटपणा बोथटलेला आणि घोटामागे भिजलेल्या पुठ्ठ्याची चव उरलेली. त्याने विचारले, "दादा, ही अजून मुरायची राहिली आहे, की मुरून गेली आहे?"

हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि त्याचा निम्मा भाग भाषेचा आहे. मावसभावाने इंग्रजी पुस्तकात 'एज' हे क्रियापद वाचले होते. इंग्रजीत वाइनही 'एज' होते आणि माणूसही. एकाच शब्दात परिपक्वता आणि वार्धक्य या दोहोंचा समावेश होतो. त्याने त्या शब्दाचा मराठी पर्याय मनातल्या मनात निवडला तो 'मुरणे', आणि त्या एका निवडीने बारा-पंधरा बाटल्यांचे भवितव्य ठरले. भाषांतराची चूक सहसा कागदावरच राहते. येथे ती फडताळात जाऊन बसली.

एक खुलासा आरंभीच करावयास हवा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो, त्याअन्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. सबब हा लेख कृतीचा पाठ नव्हे. शिवाय प्रस्तुत लेखक या पेयाचा रसिक नाही. घोट घेऊन निर्णय देण्याचा त्याचा अधिकार नाही. पदार्थावर काळाचा परिणाम कसा होतो आणि मराठी त्या परिणामांना कोणकोणती नावे देते, एवढाच येथे विषय आहे.

२

काळाने अन्नात घडणाऱ्या बदलांसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. लोणचे मुरते, पीठ आंबते, दूध नासते, भाजी उतरते, भात शिळा होतो, तूप खवट होते, भेंडी जून होते, रंग विटतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. 'भात मुरला' आणि 'लोणचे शिळे झाले' ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असली, तरी स्वयंपाकघरात कोणी सहजासहजी उच्चारणार नाही.

या शब्दांची वर्गवारी करण्यास एक साधी कसोटी पुरते. ती म्हणजे प्रयोजक रूपाची. आपण लोणचे मुरवतो, पीठ आंबवतो. परंतु भात कोणी 'शिळवत' नाही आणि भाजी, या अर्थाने, कोणी 'उतरवत' नाही. जेथे बदलामागे माणसाचा हेतू असतो तेथे प्रयोजक रूप सहज वापरात येते. जेथे बदल माणसाच्या इच्छेविरुद्ध घडतो तेथे ते येत नाही. दूध नासणे हा अपघात, पण छेन्यासाठी ते मुद्दाम लिंबू पिळून नासवले की तीच घटना कृती होते आणि भाषाही तत्काळ 'नासवणे' हे रूप पुढे करते. अपवाद वाटणारे हे उदाहरण वस्तुतः नियमच दृढ करते.

दुसरी कसोटी दिशेची आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. 'मुरणे' या क्रियेत दोन पदार्थ असतात आणि एक दुसऱ्याच्या आत शिरतो. पाणी जमिनीत मुरते, मीठ कैरीत मुरते, पाक आवळ्यात मुरतो. 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण संशयाने म्हणतो, तेव्हाही न दिसणारे असे आत शिरणेच अभिप्रेत असते. राजकारणात मुरलेला मनुष्य म्हणजे ज्याच्यात राजकारण पुरते उतरले आहे असा. 'मुरंबा' हा शब्द मुळात अरबी 'मुरब्बा'. त्याचा 'मुरणे'शी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. परंतु मराठी भाषकाच्या कानाला त्यात मुरणे आणि आंबा दोन्ही ऐकू आली, आणि त्याच साच्यावर आवळ्याचा 'मोरावळा' घडला. लोकव्युत्पत्ती शास्त्रीय नसते. पण भाषकांच्या मनात एखाद्या शब्दाचा अर्थ कोणत्या आकाराने वसला आहे, याची ती उत्तम साक्ष असते.

याउलट 'विटणे'ची दिशा बाहेरची. कापडाचा रंग विटतो म्हणजे त्यातून काही निघून जाते. मन विटते, म्हणजे त्यातील गोडी ओसरते. त्याच धातूच्या परिवारातील 'वीट येणे' हा प्रयोग आपण जेवणापासून व्याख्यानापर्यंत सर्वत्र करतो.

आता प्रश्न असा मांडता येईल : हॉपच्या बिअरमध्ये काळ काही आत नेतो, की बाहेर काढतो?

३

हॉप ही थंड हवेत वाढणारी वेल असून वनस्पतिशास्त्राने तिला भांगेच्या कुळात स्थान दिले आहे. तिच्या मादी वेलीच्या शंकूसारख्या फुलोऱ्यात पिवळ्या, चिकट कणांच्या ग्रंथी असतात. बिअरला लागणारे सर्व काही त्या ग्रंथींत असते आणि ते दोन प्रकारचे असते.

पहिला प्रकार कडू राळेचा. तीतील आल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. परंतु मोड आणून वाळवलेल्या सातूच्या अर्कात ती तासभर उकळली की त्यांची रचना बदलते, ती विद्राव्य होतात आणि बिअरला कडवटपणा देतात. याच द्रव्यांमुळे दुधाला आंबवणाऱ्या जिवाणूंच्या जातभाईंना बिअरमध्ये वाढता येत नाही. सुगंधासाठी हॉपची ख्याती होण्यापूर्वी रक्षक म्हणून तिची किंमत होती, ती यामुळेच.

दुसरा प्रकार बाष्पनशील तेलांचा : मिर्सीन, ह्युम्युलीन, लिनालूल इत्यादी. संत्र्याच्या सालीचा, फुलांचा, राळेचा वास यांचाच. ही तेले उकळीत उडून जातात. म्हणून सुगंध हवा असेल तर हॉप अगदी शेवटी, किंबहुना आंबवण्याची क्रिया संपत आल्यावर थंड बिअरमध्येच घालतात. आपण आमटीला कोथिंबीर उतरवताना घालतो आणि चहात वेलदोडा शेवटी टाकतो, त्यामागील शहाणपण हेच.

तेव्हा हॉपच्या बिअरमध्ये जे सर्वात मोलाचे, तेच सर्वात चंचल असते. ते बाटलीत कोंडले तरी स्थिर राहत नाही. बाटलीच्या बुचाचे अस्तर त्यातील काही भाग शोषून घेते; आत शिरलेला थोडासा प्राणवायू उरलेल्याचे रूप बदलतो. कडवटपणा देणारी द्रव्येही हळूहळू विघटित होतात. याच काळात नवे वास जन्माला येतात. त्यांतील एक, ट्रान्स-२-नोनेनाल, हा पुठ्ठ्याच्या वासाशी जोडला जातो. एका लिटरमध्ये मायक्रोग्रॅमचा दहावा भाग असला तरी माणसाला तो जाणवू शकतो. बाटली उन्हात राहिली तर आणखी एक अनर्थ होतो : प्रकाशाने कडू द्रव्यांचा एक तुकडा सुटून गंधकयुक्त, उग्र दर्पाचे संयुग बनते. तपकिरी काचेचे प्रयोजन हेच आहे.

डॅल्ग्लिश यांनी १९७७ साली हा क्रम एका आलेखाने दाखवला. त्यात कडवटपणाची रेषा सतत उतरत जाते. काळ्या मनुकेच्या पानांची आठवण करून देणारा एक वास चढून पुन्हा ओसरतो. आणि गोडसर, जळक्या साखरेसारखा वास व पुठ्ठ्याची चव यांच्या रेषा वर जातात. मावसभावाने दूरध्वनीवरून जे वर्णन केले ते या आलेखाचे उजवे टोक होते.

येथे आपल्या हवामानाचाही विचार करावयास हवा. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो. शीतकपाटातील ४ अंश आणि मुलुंडच्या एखाद्या खोलीतील २७ अंश यांत २३ अंशांचा फरक आहे. हिशेब केला असता वेगातील फरक सुमारे पाच पटींपासून बारा पटींपर्यंत जातो. म्हणजे आपल्या खोलीतला एक महिना हा शीतकपाटातल्या पाच महिन्यांहून अधिक 'जुना' असू शकतो. ताजेपणा दिनदर्शिकेवर मोजता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

४

मग बिअर मुरतच नाही काय? मुरते; परंतु तिच्यातील सर्वच गोष्टी मुरत नाहीत, आणि येथेच प्रश्नाचे मर्म आहे.

घरी बाटलीत भरलेल्या बिअरमध्ये थोडी साखर घालून किण्वाला दुसऱ्यांदा कामाला लावतात. त्यातून वायू तयार होऊन पेयात विरतो. त्यास दोनतीन आठवडे लागतात. या अवधीत कोवळ्या बिअरचे दोषही, उदाहरणार्थ कच्च्या सफरचंदासारखा किंवा लोण्यासारखा वास, किण्व स्वतःच आवरते घेते. या तीन आठवड्यांस 'मुरणे' म्हणण्यास माझी हरकत नाही : वायू पेयात शिरतो, आणि ते माणसाच्या हेतूनुसार घडते. आपल्या दोन्ही कसोट्या येथे उतरतात. तद्वत जास्त मद्यार्काच्या, दाट, गडद बिअर वर्ष-दोन वर्षे ठेवल्या असता त्यांत मनुका-खजुरासारखे नवे स्वाद येतात. आणि त्या लाकडी पिंपात ठेवल्या तर लाकूड त्यांत अक्षरशः मुरते.

याचा अर्थ असा, की हॉपच्या बिअरच्या बाटलीत दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. एक मुरण्याचे, दुसरे विटण्याचे. घरी बिअर करणाऱ्याची खरी अडचण ही, की पहिले घड्याळ तीन आठवड्यांचे असते आणि दुसरे पहिल्या दिवसापासूनच चालू झालेले असते.

ही दोन घड्याळे आपल्या पूर्वसूरींना अपरिचित नव्हती. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या शार्ङ्गधरसंहितेत औषधांच्या टिकाऊपणाचा विचार आला आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते. औषधी तूप आणि तेल चार महिन्यांनंतर गुण गमावतात. परंतु आसवे, धातू आणि रस जुने झाले म्हणजेच गुणयुक्त होतात, असे तेथे प्रतिपादन आहे. ज्या वनस्पतीचा गुण तिच्या उडून जाणाऱ्या सत्त्वात आहे तिचे चूर्ण लवकर निकामी व्हावे, आणि आंबवलेल्या आसवाने मात्र कालांतराने चढत जावे, हा भेद त्या ग्रंथकाराने नेमका टिपला आहे. हॉपच्या बिअरचे वर्णन या परिभाषेत एका वाक्यात करता येईल : ते चूर्ण मिसळलेले आसव आहे. आसवासाठी थांबावे तर चूर्ण जाते. चूर्णासाठी घाई करावी तर आसव कोवळे राहते.

५

या पेयाच्या एका प्रसिद्ध प्रकाराचे नाव 'इंडिया पेल एल' असे आहे, आणि त्या नावातील 'इंडिया' म्हणजे मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही बंदरे. ह्या नावाचा इतिहास आपल्या प्रश्नावर विलक्षण प्रकाश टाकतो.

लंडनजवळच्या बो येथे हॉजसन यांचा मद्यकारखाना १७५२ साली सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी जवळच होती, आणि तेथले कप्तान त्याची बिअर स्वतःच्या व्यापारासाठी घेऊन येत. हॉजसन यांनी हिंदुस्थानच्या प्रवासासाठी हा प्रकार मुद्दाम शोधून काढला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. पण ती खरी नव्हे. भरपूर हॉप घातलेली, फिकट रंगाची, जोरकस 'ऑक्टोबर बिअर' इंग्लंडात आधीपासूनच होती, आणि ती तळघरात वर्षभर किंवा अधिक काळ ठेवूनच पीत असत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चारसहा महिन्यांनी ही पिंपे मुंबईस पोचत, तेव्हा उष्णतेने आणि हेलकाव्यांनी तळघरातील दीर्घ काळाचे काम बरेचसे उरकलेले असे. १८२२ नंतर बर्टनचे ऑलसॉप या व्यापारात उतरले, आणि १८३० च्या दशकात 'इंडिया पेल एल' हे नाव जाहिरातींतून रूढ झाले.

मुंबईच्या धक्क्यावर उतरणारी ती बिअर, म्हणजे, मुरलेली होती. तिच्यात हॉपचे काम मुख्यतः रक्षणाचे होते. सुगंध वाटेतच पुष्कळसा ओसरत असावा. अशा जुन्या इंग्रजी बिअरमध्ये सावकाश काम करणारे एक किण्व १९०४ साली कार्ल्सबर्ग येथील क्लॉसेन यांनी वेगळे काढले आणि त्याला 'ब्रेटॅनोमायसेस', म्हणजे 'ब्रिटिश बुरशी', असे नाव दिले. मुरलेली चव ही त्या काळी दोष नसून ओळख होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच नाव अमेरिकेत पुन्हा उचलले गेले, परंतु आशय उलटा झाला. १९७२ साली कॅस्केड नावाचे लिंबूवर्गीय वासाचे हॉपचे वाण तेथे प्रसृत झाले. १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने त्याचा ठसठशीत उपयोग करणारी 'लिबर्टी एल' काढली. आणि पुढील दशकांत हॉपचा ताजा सुगंध हेच या प्रकाराचे लक्षण होऊन बसले. ज्या नावाचा अर्थ 'सहा महिन्यांच्या प्रवासात टिकणारी' असा होता, तेच नाव आता 'दोनतीन महिन्यांत संपवावी अशी' या अर्थाने चालते. अर्थविपर्यासाचे याहून ठळक उदाहरण विद्यार्थ्यांना क्वचितच सापडेल. मावसभावाने पुस्तकातला पूर्वेतिहास वाचला आणि पेय मात्र आजच्या रीतीचे केले. शब्द तोच राहिल्यामुळे मधला बदल त्याच्या दृष्टीस पडला नाही.

६

ताजेपणा हा केवळ काळाचा प्रश्न नसून हेतूचा प्रश्न आहे, हे पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या उपनगरांच्या पश्चिम टोकाला, गोराई-मनोरीच्या किनाऱ्यावर, ताड आणि माड आजही उभे आहेत. त्यांच्यापासून मिळणाऱ्या रसाची कथा हीच आहे, फक्त तिचा वेग महिन्यांऐवजी तासांचा आहे.

संध्याकाळी झाडाला बांधलेले मडके आतून चुन्याने सारवलेले असेल आणि ते सूर्योदयापूर्वी उतरवले, तर त्यात नीरा मिळते : गोड, सौम्य, मद्यार्कविरहित. एके काळी उपनगरी रेल्वेस्थानकांवर नीराविक्रीची केंद्रे असत आणि सकाळची गाडी पकडण्यापूर्वी लोक तेथे पेला रिकामा करीत. चुना नसेल किंवा ऊन चढले, तर हवेतील व मडक्यातील किण्वे काही तासांतच कामाला लागतात आणि त्याच रसाची ताडी किंवा माडी होते. ती आणखी आंबट झाली, तर तिचा शिरका होतो.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की दारूबंदी कायद्याने हा भेद व्याख्येतच नोंदवला आहे. ताड, माड, शिंदी इत्यादी वृक्षांचा न आंबलेला, आंबू न देणाऱ्या भांड्यात काढलेला रस म्हणजे नीरा. त्याच वृक्षांचा आंबलेला रस म्हणजे ताडी. एक झाड, एक रस. दोन शब्दांमधील अंतर काही तासांचे. परंतु त्या अंतराच्या एका बाजूस पौष्टिक पेय आहे आणि दुसऱ्या बाजूस परवाना. रस उतरवणाऱ्या भंडाऱ्याच्या दृष्टीने हा शब्दार्थाचा सूक्ष्म वाद नसून रोजच्या भाकरीचा प्रश्न ठरतो.

आणि तरीही ताडी ही 'शिळी नीरा' नव्हे. कोणताही भाषक असा शब्दप्रयोग करीत नाही. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या फुग्यांचे पीठ ताडी घालून फुगवण्याची जुनी रीत आहे. गोव्यात सान्नांसाठी माडाची सूर वापरतात आणि तिच्याच शिरक्यावर मांसाचे पदार्थ टिकवतात. या प्रत्येक कामासाठी रसाचे एक वय योग्य असते, आणि त्या वयात तो त्या कामापुरता ताजाच असतो. पहाटे जो नीरेला दोष, तोच दुपारी पिठाला गुण. बेल्जममधील लॅम्बिक नावाच्या बिअरसाठी हॉपची फुले मुद्दाम दोनतीन वर्षे ठेवून, वास आणि कडवटपणा विटल्यावर वापरतात. तेथे फक्त त्यांचा रक्षणाचा गुण हवा असतो. तेव्हा विटणेही हेतूच्या कक्षेत येऊ शकते. पण हेतू आधी ठरलेला असला पाहिजे. फडताळात विसरलेल्या बाटलीला तो मागाहून चिकटवता येत नाही.

७

या विवेचनावरून परिभाषेसंबंधी एक सूचना करावीशी वाटते. 'एजिंग'साठी सरसकट एकच प्रतिशब्द योजू नये. जेथे पदार्थात काही शिरते आणि ते हेतुपूर्वक घडते, तेथे 'मुरणे'. जेथे किण्वांचे कार्य मुख्य असते, तेथे 'आंबणे'. जेथे पदार्थाचे सत्त्व निघून जाते, तेथे 'विटणे'. आणि जेथे केवळ वेळ टळलेली असते, तेथे 'शिळे होणे'. इंग्रजीला जे सांगण्यास विशेषण जोडावे लागते, ते मराठी नुसत्या क्रियापदाने सांगते. पारिभाषिक कोशात या संपत्तीचा उपयोग न करता 'जीर्णन' किंवा 'वृद्धन' असा एखादा संस्कृत शब्द घडवून ठेवला, तर तो दिसण्यात भारदस्त होईल. पण मावसभावाची चूक तो कायमची करून ठेवील.

राहिला त्याचा प्रश्न. त्याला मी कळवले, की तुझी बिअर मुरायची राहिलेली नाही आणि मुरून गेलेलीही नाही. मुरण्याचे काम जूनमध्येच संपले होते. त्यानंतर ती विटत गेली. पुढच्या खेपेस तीन आठवडे थांब, मग बाटल्या थंडीत आणि अंधारात ठेव, भरताना हवा लागू देऊ नकोस आणि ऑगस्ट उलटण्यापूर्वी त्या मित्रांना वाटून टाक. दिवाळीसाठी काही राखून ठेवायचेच असेल, तर एखादी दाट, जोरकस, कमी हॉपची बिअर वेगळी कर. ती तुझी वाट पाहील. उरलेल्या विटलेल्या बाटल्या आणखी वर्षभर ठेवून पाहाव्यात काय, असे त्याने पुन्हा विचारले. त्यावर शिळ्या कढीला ऊत आणू नये, एवढेच उत्तर मी दिले. ते त्याला भाषांतरावाचून समजले.